भूत दिसल्यास संपर्क साधा

भयपट प्रदर्शित करण्यापूर्वी शहरात कोण कशाला घाबरतो याची रीतसर पाहणी करावी, असा आता त्या धंद्याचा शिरस्ता आहे. ‘आतून कडी’ या चित्रपटाच्या जाहिरात कंपनीने नागपुरात ती केली आणि निकाल चिंताजनक निघाला. कळमन्याच्या बाजारातले व्यापारी भाव पडण्याला घाबरत होते, मनीषनगरातले रहिवासी टँकर न येण्याला आणि सरकारी नोकर बदलीला. निव्वळ भुताला घाबरणारा माणूस मिळेना. शेवटी वरिष्ठांनी विचारांती ठरवले, की ज्या घरात नुकतेच कोणी वारले आहे, तिथे भीतीची निम्मी तयारी निसर्गाने आधीच करून ठेवलेली असते. उरलेली आपण करावी. त्यानुसार वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता कापून वस्तीनिहाय वाटण्यात आल्या आणि मनीषनगरचे कात्रण घेऊन आर्यन नावाचा विभागीय भय-व्यवस्थापक माया मेश्रामच्या दारात उभा राहिला.

मायाचे वडील, प्रेमानंद मेश्राम, महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवत. निवृत्तीनंतर रामटेककडच्या खेड्यांत हिंडून भूत नसते हे सांगण्याचा त्यांनी उद्योग केला. गावोगावच्या भिंतींवर त्यांची पत्रके चिकटलेली असत. वर ठळक अक्षरांत ‘भूत दिसल्यास संपर्क साधा’ आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबर. फोन आला की मेश्राम सर “जय भीम, बोला” म्हणत, सगळे शांतपणे ऐकून घेत, आणि बसने त्या गावी जाऊन सांगितलेल्या झाडाखाली डबा खाऊन येत. भूत एकदाही हजर झाले नाही. सर शाळेच्या सवयीने त्याची गैरहजेरी मांडत.

आर्यनने चपला बाहेर काढल्या, पाणी प्यायला, चेहऱ्यावर बेताचे दुःख आणले आणि टॅब उघडला.

“तेरवी केव्हा झाली, ताई? पिंडाले कावळा लवकर शिवला का?”

“आमच्यात तेरवी नसते. पिंडही नसतो. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, गेल्या रविवारी.”

“मग आत्मा कसा जाते?”

“आम्ही आत्मा मानत नाही.”

आर्यनने बोट हवेत धरून विचार केला. “म्हणजे त्याले जायले रस्ताच नाही ठेवला तुम्ही,” तो हळहळला आणि त्याने ‘मुक्ती प्रलंबित’ या रकान्यात खूण केली.

खोटे बोलण्याची त्या घरात सवय नव्हती, त्यामुळे माया पुढे अडकतच गेली. सकाळी चहा किती कप टाकता? दोन, हात तसाच जातो. दुसऱ्या कपाचे काय होते? थोड्या वेळाने तीच पिते. आर्यनने लिहिले, ‘मृतासाठी चहा ठेवला जातो. कप नंतर रिकामा आढळतो.’ सरांचा फोन? चालू आहे, रोज चार्ज करते.

“काहून?”

“पत्रकं अजून भिंतींवर आहेत. कोणी घाबरून लावला, तर बंद लागायला नको.”

आर्यनने लिहिले, ‘मृत फोनवर उपलब्ध.’ मग टॅब मिटून अत्यंत आदराने म्हणाला, “ताई, तुम्ही प्रीमियम आहात.”

आठवडाभरात मायाचा फ्लॅट ‘प्रमाणित भयस्थळ, वर्ग एक’ म्हणून जाहीर झाला. बाल्कनीत वाळत घातलेल्या सरांच्या स्वेटरची चित्रफीत शहरभर फिरली. सोसायटीचे अध्यक्ष विश्वनाथराव यांनी फाटकावर सूचना लावली, की भूत पाहण्यास येणाऱ्यांनी वाहने आत आणू नयेत, तसेच भुताच्या कोणत्याही कृतीस सोसायटी जबाबदार राहणार नाही. एवढे अधिकृत झाल्यावर शेजाऱ्यांनाही आठवू लागले. समोरच्या दारातल्या यमुताईंनी मायाला जिन्यातच गाठले.

“माया, सर दिसले वं मले. इथंच उभे होते. पांढरा सदरा.”

“काही बोलले?”

“बोलले ना. म्हणे, यमुताई, भूतबित काही नसते, घाबरू नका.” यमुताईंनी पदर सावरला. “मी अजूनच घाबरली.”

“ते आजारी होते तेव्हा नाही आलात तुम्ही. दार तर समोरच आहे.”

“आजारी माणसाले काय तरास द्याचा वं? आता कसं, मोकळे आहेत ते.”

बाबांना लोक विसरले असते तरी मायाने ते सोसले असते. माणसे विसरतातच. पण जन्मभर ज्याने भूत नाही म्हणून पायपीट केली त्यालाच भूत करून पोस्टरवर बसवावे, हे तिला सोसवेना. ती कंपनीच्या कचेरीत गेली. तिथल्या प्रमुख काजल मॅडम यांनी कॉफी मागवली.

“तुमची भावना आम्ही समजू शकतो. हरकत नेमकी कोणाची आहे?”

“वडिलांची बदनामी होते आहे.”

“मग हरकत त्यांनी घ्यायला हवी.”

“ते नाहीत.”

“नाहीत, तर बदनामी कोणाची?” काजल मॅडम मृदूपणे म्हणाल्या. “आणि त्यांना वाईट वाटतंय असं तुमचं म्हणणं असेल, तर ते आहेत. आम्ही तरी दुसरं काय म्हणतोय?”

मायाच्या घरी तर्कशास्त्राची पुस्तके कपाटभर होती, पण त्यांतल्या एकाही लेखकाला जाहिरात कंपनीशी वाद घालण्याची वेळ आलेली नव्हती. घरी येऊन तिने वर्तमानपत्रात एका ओळीचे निवेदन दिले : ‘माझे वडील भूत नाहीत.’ कंपनीने ती ओळ जशीच्या तशी होर्डिंगवर घेतली आणि खाली लिहिले, ‘मुलगी काय लपवते आहे?’ पहिल्या खेळाची तिकिटे त्याच दुपारी संपली. पुण्यानुमोदनाला रजा न मिळालेला चुलत भाऊ बळीराम याने खेळासाठी रजा टाकली आणि चांगल्या रांगेचा पास मिळेल का, असे मायाला विचारले.

माया खेळाला गेली. मध्यंतरात उठून, बाबांनी जे सांगितले असते ते दोन वाक्यांत सांगायचे आणि परत यायचे, एवढेच तिने ठरवले होते. चित्रपटगृहात पुढच्या रांगेत एक खुर्ची हार घालून राखीव ठेवली होती. त्या खुर्चीमागे विश्वनाथराव, यमुताई, बळीराम आणि सरांच्या हाताखालून गेलेले कितीतरी विद्यार्थी पॉपकॉर्न घेऊन बसले होते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सतरंज्या रिकाम्या राहिल्या होत्या. इथे लोक पायऱ्यांवर बसले.

मध्यंतराआधी पडदा काळा झाला आणि त्यावर सरांचे पत्रक उमटले. ‘भूत दिसल्यास संपर्क साधा.’ खाली नंबर. खर्जातला आवाज म्हणाला, “हिंमत असेल, तर आत्ता लावा.”

सगळ्या चित्रपटगृहाने फोन काढले.

सरांचा फोन मायाच्या पर्समध्ये होता. आजारपणात तो त्यांच्या उशाशी असे, आणि ते मधूनच विचारत, “बेटा, चार्ज आहे ना?” चार्ज असे. कधी कधी ते मायाला तिच्या फोनवरून लावून पाहायला सांगत. तो वाजायचा, बिघाड काहीच नव्हता.

आता तो थांबेना. काचेवर एकामागून एक सरांनी जपून ठेवलेली नावे उमटत होती. विश्वनाथराव सोसायटी. यमुताई समोरच्या. बळीराम. सातवी ‘ब’चा मॉनिटर. मायाने बळीरामचा उचलला.

“जय भीम, बोला.”

बळीराम पाचव्या रांगेत ताडकन उभा राहिला. “का... काका?”

“मी माया. काका वारले, बळीराम. तुझा फोन येईल म्हणून फार वाट पाहिली त्यांनी.”

त्याने फोन ठेवला. दुसरा वाजला, मायाने तोही उचलला. मग तिसरा. ती आवाज न चढवता प्रत्येकाला तेच सांगत होती, आणि चित्रपटगृहात एकेक माणूस पांढराफटक पडून खाली बसत होता. मध्यंतरात उठून सांगायचे तिच्याजवळ काही उरले नाही. मध्यंतरानंतर पडद्यावरचे भूत आले, पण त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

कंपनीने सीटखाली बसवलेल्या यंत्रांवर आजवरची सर्वोच्च भीती नोंदली गेली. आर्यनने अहवालात प्रामाणिकपणे लिहिले, की शहरातला प्रेक्षक भूत दिसण्याला घाबरत नसून फोन उचलला जाण्याला घाबरतो. वरिष्ठ खूश झाले. पुढच्या चित्रपटासाठी निधनवार्ता कापू नयेत, असा आदेश निघाला. आता जिथला माणूस अजून आहे, फोन उशाशी आहे आणि चार्ज आहे, अशी घरे हवी होती.

ती शोधायला कंपनीला दारोदार फिरावे लागले नाही. कोणाला किती दिवसांत फोन केलेला नाही, हे तुमच्या मोबाइलमध्ये तारखेनिशी असते, आणि ते पाहण्याची परवानगी तुम्ही कसलेसे अ‍ॅप घेताना न वाचताच दिलेली आहे. चित्रपट लवकरच येतो आहे. त्याआधी बरेच दिवस न लावलेला एखादा नंबर लावून पाहायला हरकत नाही. तिकीट लागत नाही, आणि पलीकडून अजून त्याच माणसाचा आवाज येतो.