कादंबरीची ट्रायल

मास्तरांच्या पहिल्यावहिल्या कादंबरीची नमुना प्रत छापखान्यातून घरी आली, तेव्हा बायकोने ती आधी तळहातावर तोलून पाहिली आणि म्हणाली, "एवढीशी? आणि हिच्यापायी वर्षभर भाजी आणायची विसरत होतात?"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. कपडे शिवणाऱ्याला लोक मास्तर का म्हणतात कोण जाणे; पण साठी उलटेपर्यंत ज्याला स्वतःच्या दुकानाची पाटी वाचता येत नव्हती, त्या माणसाने ही पदवी जन्मभर निमूटपणे मिरवली होती. मापं ते तोंडाने सांगत आणि बायको लिहून घेई. मग घरात सूनबाई आली. तिने कापड बेतायच्या टेबलावर खडूने 'अ' काढून दाखवला आणि सासरा त्या टेबलावर असा काही ठाण मांडून बसला, की कापड पसरायला जागा उरेना. अक्षरांची वाक्यं झाली, वाक्यांची पानं झाली, आणि एके दिवशी जेवताना मास्तरांनी जाहीर केलं, "मी कादंबरी लिहिली."

"म्हणजे नक्की काय केलंत?" बायकोने विचारलं.

सूनबाईने ती टाइप करून प्रकाशकांकडे धाडली. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने 'सध्या हातात फार काम आहे' असं कळवलं. मास्तर काय ते समजले. नको असलेल्या गिऱ्हाइकाला तेही हेच सांगत आले होते.

"बाबा, आपणच छापू या," सूनबाई म्हणाली. "हल्ली खूप जण स्वतःच काढतात."

"म्हणजे कापड आपलं, शिलाई आपली आणि घालणार कोण, ते देवाला ठाऊक," बायको म्हणाली.

छापखानेवाला मात्र सरळ माणूस होता. नमुना प्रत हातात ठेवून तो म्हणाला, "मास्तर, नीट बघून घ्या. ज्या दुरुस्त्या असतील त्या याच्यावरच करून द्या. मी वाचत नाही, माझं ते काम नाही. दिसेल तसं छापतो."

मास्तरांना यातलं एवढंच कळलं, की ही ट्रायल आहे. आणि ट्रायल कशी घ्यायची, ते त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. ट्रायल न घेता त्यांनी आयुष्यात एकच कोट दिला होता. तो घालून त्या माणसाला नंतर कधी हात वर करता आले नाहीत. बसमध्येही तो दांडी न धरता नुसताच हेलकावे खात उभा राही. तेव्हापासून मास्तरांचा नियम ठरला होता. ज्याचं माप घेतलं, त्याच्या अंगावर एकदा घालून बघायचं.

कादंबरीत त्यांनी कोणाकोणाची मापं घेतली होती, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. अडचण एवढीच, की त्या लोकांना ठाऊक नव्हतं.

पहिला मान मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा. दुकानाचा गाळा त्याच्या मालकीचा, त्यामुळे बरेच मान त्याचेच असत. तो दुकानातल्या स्टुलावर बसून तासभर वाचत राहिला आणि मग चष्मा काढून म्हणाला, "दाजी, हा सावकार कोण?"

"कल्पनेतला आहे."

"जेवताना दुसऱ्याच्या ताटात बघतो, मिशी काळी करतो आणि गरीब शिंप्याला दुकानातून हुसकतो. हा कल्पनेतला?"

"मिशा काय, बरेच जण काळ्या करतात."

"आणि डावीकडची करायला विसरतात? दाजी, हे छापून आलं तर मीही तुम्हाला कादंबरीतल्यासारखा वागून दाखवीन. गाळा माझा आहे, लक्षात ठेवा."

मास्तरांनी कानामागचा खडू काढला. दुरुस्ती म्हटली की त्यांचा हात आपोआप तिकडेच जाई. पांढऱ्या खडूने पांढऱ्या कागदावर बरंच काही लिहून झाल्यावर आपण काय लिहिलं ते त्यांनाच दिसेना, म्हणून निळा घेतला. सावकारावर आडव्या रेघा मारल्या आणि कडेला ठसठशीत अक्षरांत लिहिलं : 'हा माणूस फार उदार होता.'

पण उदार माणूस शिंप्याला दुकानातून हुसकेल कसा? म्हणजे हुसकणं गेलं. शिंपी रस्त्यावर येत नाही म्हटल्यावर त्याचं पावसात भिजणंही गेलं. आणि त्या भिजण्यावर तर मास्तर स्वतः लिहिताना रडले होते.

दुसऱ्या दिवशी समोरचा इस्त्रीवाला आला. कादंबरीत तो खलनायक होता. नायकाने शिवलेला रेशमी झगा मत्सरापोटी जाळून टाकणारा. मास्तर जरा दबकतच त्याच्यासमोर बसले.

"हा मीच ना?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"तसं काही नाही..."

"अहो, मीच आहे! मला फार आवडलं. पण मास्तर, इतकी वर्षं समोरासमोर काढली आणि मला फक्त दोनदा आणलंत? एकदा कुजकट हसतो नि एकदा झगा जाळतो. बस्स? जाळण्याआधी माणूस दोन शब्द तरी बोलेल की नाही?"

"काय बोलेल?"

"ते मी सांगतो, तुम्ही लिहा."

तो बोलत राहिला आणि मास्तर समासात, ओळींच्या मधे, जागा मिळेल तिथे खडूने लिहीत राहिले. भाषणात कोळशाचा भाव होता, विजेचं बिल होतं आणि त्याच्या थोरल्या भावाने केलेला अन्याय होता. झगा जळायला दोन पानं उशीर झाला.

तिसऱ्या आल्या त्या गल्लीतल्या शिकवणीवाल्या बाई. त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "मी चहाडखोर आहे का हो, मास्तर?"

"छे छे! कोण म्हणालं?"

"तुम्हीच, सातव्या प्रकरणात. आणि मी असं कोणाला कधी सांगत नाही, पण इस्त्रीवाला म्हणत होता की मेहुण्यांना तुम्ही सावकार केलंत. मला आपलं यातून काढाच."

बाई गेल्या. पण नायिकेला नायकाचं प्रेम कळतं ते त्यांच्याच चहाडीतून. आता तिला ते कळायला मार्गच उरला नाही. मग तिने कोणाच्या ओढीने दुकानात यावं? अशी नायिकाही निळ्या रेघांखाली गेली.

मास्तर वाचायला बसले. एक शिंपी होता, त्याचं बरं चाललं होतं, त्याचा सावकार फार उदार होता आणि मधूनच एक इस्त्रीवाला येऊन विजेच्या बिलावर बोलून जात होता. हा कोट आता कोणालाच काचत नव्हता, फक्त तो कोट राहिला नव्हता.

"दे ती छापायला," ते सूनबाईला म्हणाले. "नाव तरी माझं छापून येईल."

"बाबा, नक्की ना?" सूनबाईने विचारलं. मास्तरांनी तोंड फिरवून सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही ओवला जाईना.

पुस्तकं आली त्या दिवशी दुकानात सगळी मंडळी जमली होती. प्रत्येकाला पहिली प्रत हवी होती, कारण प्रत्येकाने पुस्तकात स्वतःपुरती सुधारणा करवून घेतली होती. मास्तरांनी गठ्ठ्याची सुतळी कापली, मेहुण्याच्या हातात प्रत दिली, इस्त्रीवाल्याला दिली, बाईंना दिली आणि मग स्वतः एक उघडली.

सावकार जेवताना दुसऱ्याच्या ताटात बघत होता.

मास्तरांनी पानं उलटली. सावकाराने शिंप्याला हुसकलं होतं. शिंपी भिजत होता. सातव्या प्रकरणात चहाड्या जोरात चालल्या होत्या. एकही दुरुस्ती नाही! तोवर मंडळी प्रती काखेत मारून आपापल्या घरी गेली होती.

"अगं, खडूने लिहिलेलं सगळं गेलं कुठे?" मास्तरांनी बायकोला विचारलं.

"कुठे म्हणजे? झटकलं."

"झटकलं?"

"मग! खडूचे डाग घेऊन आपल्याकडून कुठलं काम बाहेर गेलंय आजवर? काजं-बटणं करायची, खडू झटकायचा नि मग घडी घालायची, हे जन्मभर कोण करत आलंय? छापखान्यात देण्याआधी ब्रशने एकेक पान साफ केलं. हात निळे झाले माझे."

त्यानंतर मास्तर दुकानाचं शटर अर्धंच उघडू लागले. आत बसून शटरखालून दिसणारे पाय बघायचे. पँटच्या मोहरीवरून कोण आलंय ते त्यांना अचूक कळे, कारण त्या मोहऱ्या त्यांनीच शिवल्या होत्या. आणि एका सकाळी मेहुण्याची मोहरी येऊन उभी राहिली.

"दाजी, बाहेर या."

मास्तर वाकून बाहेर आले. येताना त्यांनी दुकानावरून एकदा नजर फिरवली.

"शब्द पाळलात हो," मेहुणा म्हणाला. "मला पार काढून टाकलंत. आणि तो सावकार आता बरोबर कोण झालाय, माहितेय? माझा चुलतभाऊ! अगदी तसाच ताटात बघतो. त्याला एक प्रत भेट पाठवतोय."

तेवढ्यात समोरून इस्त्रीवाला ओरडला, "मास्तर, काय वाढवलंत मला! पुस्तकभर मीच आहे!" तो होता तेवढाच होता, दोनदा. दुपारी शिकवणीवाल्या बाई आल्या आणि चहाडखोर बाईच्या जागी मेहुण्याची बायको कशी फिट्ट बसते, ते त्यांनी बराच वेळ सांगितलं. जाताना म्हणाल्या, "पण सगळ्यात नायक झकास उतरलाय. हुबेहूब!"

मेहुणाही जाता जाता तेच म्हणाला होता. नायक हुबेहूब. मास्तरांची छाती फुगली. नायक म्हणजे सहा फूट उंच, कपाळावर रेशमी केसांची बट, कमी बोलणारा, दुःख गिळणारा. गल्लीने अखेर ओळखलं म्हणायचं.

संध्याकाळी त्यांनी पहिलं पान काढून मोठ्याने वाचायला घेतलं. 'दुकानाच्या दारात तो उभा होता. बुटका, पोट सुटलेला, टक्कल पडलेला. दुपारी गिऱ्हाइकासमोर घोरायचा आणि कोणी उठवलं तर झोपलो नव्हतो म्हणायचा.'

मास्तर थांबले. त्यांनी पुस्तक बायकोपुढे धरलं. ती एका शर्टाला बटण लावत होती.

"हे... हे कोणी घातलं?"

"पेनाने केलेल्या दुरुस्त्या घेतो की तो छापखानेवाला," ती म्हणाली. "मापं लिहायचं काम माझंच ना? तुम्ही चुकीचं माप सांगितलं होतं."

"आणि बाकी? बाकी कादंबरी?"

तिने दोरा दातांनी तोडला आणि शर्ट झटकला. "बाकी काय वाईट होतं? नीट बसली होती. तुम्हीच उगीच उसवत बसला होतात." मग म्हणाली, "पुढे वाचा. त्या भिजण्यापासून. मी तिथपर्यंत आलेय."