डिकीतली टकटक

"जुनी गाडी घेताना लोक फसतात, कारण ते गाडी नुसती बघतात. तपासत नाहीत!" मोजपट्टीने जाहीर केलं.

घरात त्याला सगळे याच नावाने हाक मारत. भौतिकशास्त्राची पदवी नुकतीच खिशात पडलेला हा मुलगा दूध उतू जायला लागलं, तर आधी त्यात थर्मामीटर बुडवायचा आणि मग गॅस बंद करायचा!

"तपास बाबा," आई म्हणाली, "पण सोमवारच्या आत गाडी दारात हवी."

आई पोहायला शिकवायची. नव्या तलावावरची तिची नोकरी सोमवारपासून सुरू होणार होती. तलाव शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिली बस तिथे पोचेपर्यंत मुलं पोहून, अंग पुसून घरी गेली असती!

"आणि तिथे गाडीचं कौतुक करायचं नाही. आवडली तरी नाक मुरडायचं. पुढचं मी बोलेन."

"आई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

गाडी होती एका दातांच्या डॉक्टरांची. दवाखान्यामागच्या अंगणात उभी. मोजपट्टीने खिशातून लोहचुंबक काढला आणि पत्र्यावरून फिरवला. ठोकून पुट्टी भरलेली असली, की तिथे चुंबक धरत नाही. इथे तो सगळीकडे गोचिडासारखा चिकटला. इंजिनाचं तेल मधासारखं, चारही टायर सारखेच झिजलेले. मोजपट्टीचे डोळे लकाकले.

"वा...!"

आईचा पाय त्याच्या पायावर पडला.

"...ईट रंग आहे," तो कळवळून म्हणाला.

डॉक्टर मात्र सरळ माणूस. "खरं सांगू का ताई, मागून टकटक आवाज येतो. एकाही मेकॅनिकला सापडला नाही. दिवसभर लोकांच्या दातांत मशीन घालायचं आणि घरी जाताना वर हे! डोकं उठतं. म्हणून तर काढतोय."

कारण न सापडलेला आवाज! मोजपट्टीच्या अंगात वारं शिरलं. थरथर नोंदवायला त्याने आपला फोन पुढे काचेपाशी ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही दोघं एक चक्कर मारा. मी मागून ऐकतो!"

मागून म्हणजे फुटपाथवर उभा राहून, असं त्या दोघांना वाटलं. मोजपट्टीच्या मनात मात्र होती डिकी! तो आत शिरला, गालिचा उचलला आणि स्टेपनीच्या खळग्यात डोकं खुपसलं. तेवढ्यात आईला ब्रेकची कहाणी सांगत मागे मागे सरकणारे डॉक्टर आत न बघताच डिकीच्या उघड्या झाकणावर रेलले. धप्प! झाकण बंद!

आई स्टिअरिंगवर बसली, गाडी निघाली. आत काळोख, फोन पुढे! मोजपट्टीने पत्रा वाजवला. टक टक टक!

"हाच तो!" डॉक्टर म्हणाले. "ऐकलात?"

"बापरे! बराच मोठा आहे की हो!"

"आज जरा जास्तच वाटतोय. लक्ष देऊ नका."

धाड! धाड!

"वळणावर वाढतो का?"

"आज सगळीकडेच वाढलाय! लाथा झाडल्यासारखा तर कधीच यायचा नाही!"

सिग्नलला गाडी थांबली. शेजारी उभ्या वाहतूक पोलिसाने कान टवकारले, डिकीपाशी वाकून ऐकलं आणि आईच्या खिडकीशी आला.

"मॅडम, खाली उतरा."

"का हो? काय चुकलं माझं?"

"तुमची गाडी 'आई, आई' म्हणतेय!"

डिकी उघडली. आत घामाने थबथबलेला मुलगा, केस पिंजारलेले, चेहऱ्यावर विजयी हसू आणि हातात बत्तीस दातांचा अख्खा जबडा!

पोलीस दोन पावलं मागे सरला. "बाकीचा माणूस कुठाय?"

"अहो, प्लास्टरचा आहे तो!" डॉक्टर ओरडले. "ब्रश कसा करायचा ते मुलांना दाखवायचा नमुना माझा! कधीपासून शोधतोय!"

"स्टेपनीखाली पडला होता," मोजपट्टी धापा टाकत म्हणाला. "गाडी हलली की दातांवर दात आपटायचे. झालं! बाकी गाडी..."

आईने पाय उचलला. पण मोजपट्टी डिकीत बसलेला, पाय पोचेना!

"...बाकी गाडी म्हणजे सोनं आहे, डॉक्टर! पत्रा बघा, इंजिन बघा! एक दोष काढून दाखवा! अशी गाडी विकायची म्हणजे वेडेपणाच!"

आईने कपाळावर हात मारला.

परतताना डॉक्टर स्वतः चालवायला बसले. वळण आलं, आवाज नाही. खड्डा आला, आवाज नाही. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर नव्या नवरदेवाची लाली चढत गेली. अंगणात पोचल्यावर त्यांनी किल्ली खिशात टाकली.

"ताई, राग मानू नका. आता काही ही गाडी माझ्याच्याने देववत नाही."

सोमवारी पहाटे मोजपट्टी जीव खाऊन सायकल हाणत होता. मागे कॅरियरवर आई, गळ्यात शिटी अडकवून. चढ लागला, सायकल रेंगाळली आणि मागून आवाज सुरू झाला. टक टक टक!

आईचं बोट होतं, त्याच्या हेल्मेटवर. या वेळी कारण शोधावं लागलं नाही!