विचारलंत ना? मग थांबा!

सबनीस काकांनी आमच्या पोस्टमनला भर रस्त्यात झापलं. त्याचा गुन्हा एवढाच, की "यू ऑलराइट?" म्हणून तो उत्तर न ऐकताच पुढे निघाला.

"विचारलंस ना? मग थांब की मेल्या!" हे त्याला चक्क मराठीत.

काका आमचे लंडनच्या स्टॅनमोरमधले शेजारी, मुलाकडे राहतात. त्याआधी चाळीस वर्षं स्कॉटलंडात, ॲबरडीनच्याही वर, एका बंदरगावात, मासळीच्या कारखान्यात इंजिनिअर. स्वतः कट्टर शाकाहारी! पण तिथली बोली अंगात मुरलेली. दिसलात की "फिट लाइक?", म्हणजे कसं काय. आपण म्हणायचं, "ने बॅड. फूज यरसेल?" बरंय, तुमचं काय? त्यावर ते, "च्याविन अवा." चाललंय रेटून. एवढं झालं की मगच सुटका.

"तिकडे डोक्यावर गारा पडत असल्या तरी माणूस उलट विचारल्याशिवाय हलत नाही. तुम्ही लंडनवाले नुसते भुंकता!"

मी लंडनवाली? अहो, मी कोथरूडची! या माणसापायी दोनदा मीटिंगला उशीर झाला, बॉसची बोलणी खाल्ली ती मी.

परवा तर कहरच. "बरंय, बरंय" म्हणत सटकत होते, तर काकांनी काठी आडवी घातली.

"उलट कोण विचारणार? तुझा बाप?"

माझं डोकंच सणकलं. बॅग त्यांच्या पायरीवर आपटली, बसकण मारली आणि ओरडले, "विचारते! कसे आहात काका? सांगा, सगळं सांगा! आज हलतच नाही मी!"

काकांनी काठी खाली घेतली.

"मी इथे पंधरा दिवसांसाठी आलो होतो. तुझी काकू, मालती, तिकडेच. सकाळी तिचा फोन आला, कसे आहात? टीव्हीवर मॅच चालू होती. मजेत, म्हटलं आणि ठेवला. तासाभराने तिला शेजारीण भेटली. मालती तिला म्हणाली, पहाटेपासून छातीत दुखतंय. ॲम्ब्युलन्स आली, पण उशीर झाला होता. शेजारणीला सांगितलं तिने. कारण त्या बाईने विचारलं होतं."

मग स्वतःवरच खेकसले, "चाळीस वर्षं त्या गावात काढली, गाढवाने!"

माझा फोन वाजायला लागला. ऑफिसचा.

"घे तो. जा आता," काका म्हणाले.

मी फोन बंद केला आणि पायरीवर त्यांना जागा करून दिली.