कुंचीचं लोंबतं टोक

खुटबावच्या हौसरावांनी त्या दिवशी सकाळी ठरवलं ते एवढंच, की कुंचीला लोंबणारा दोरा तेवढा ओढून काढायचा. एकच दोरा. पण काही माणसांनी सकाळी उठून चहा प्यावा आणि गप बसावं, यातच घरादाराचं भलं असतं. हौसराव त्यातले.

कुंची होती पणतीची. नातू रविराजला मुलगी झाली होती आणि बारसं होतं शिरूरला, नातसुनेच्या माहेरी, दुपारी बाराला. डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारी ती कुंची आत्यानं आणायची, असा यांच्या घरचा रिवाज. आत्या म्हणजे रविराजची बहीण मोनाली. तिनं घरातले तीन जुने स्वेटर उसवले, लोकर धुऊन वाळवली आणि आठ दिवस रोज थोडं थोडं क्रोशाच्या सुईनं विणत बसली. "विकत मिळती की," असं हौसराव आठही दिवस म्हणाले आणि आठही दिवस तिच्या शेजारी बसून बघत राहिले. (स्वतःचा स्वेटर मात्र त्यांनी उसवू दिला नाही. आंघोळीला जाताना सुद्धा बरोबर न्यायचे.)

आता राहिली होती नुसती आवराआवर. शेवटचा टाका बंद करायचा आणि सुटी टोकं आत दडवायची. मोनाली म्हणाली, "आबा, मी न्हाऊन येते. तवर हिला हात लावायचा न्हाई."

हौसराव पहाटे चारपासून जागे. दोनदा दाढी करून झालेली, पणतीचं तोंड कधी बघतो असं झालेलं, आणि हाताला काही काम नाही. त्यात डोळ्यासमोर ते टोक. हौसरावांनी पाटसला साखर कारखान्याच्या गोदामात अठ्ठावीस वर्षं पोती शिवली आणि उसवली होती. लोंबतं टोक म्हणजे त्यांना नाकावरची माशी. पोत्याची शिवण एका टोकानं ओढली तर गच्च बसते, दुसऱ्या टोकानं ओढली तर तोंड एका दमात उघडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग हे टोक कुठलं, असा विचार शहाण्या माणसानं केला असता.

त्यांनी दोरा ओढला. तो सुरसुर आला. इथं थांबायचं. पण पोतं उघडणारा हात मधेच थांबत नसतो. थांबला तर मुकादमाच्या शिव्या बसतात. हात खांद्यामागं गेला, पुढं आला, परत मागं गेला. जुनी लोकर ती, जागोजाग तुटली, तर हातानं आपणहून नवं टोक हुडकलं. हौसराव भानावर आले तेव्हा मांडीवर लोकरीचा ढीग होता आणि कुंचीच्या जागी मांजराला बसेल एवढी टोपी. (उघडली मात्र सफाईनं होती. ते मान्य करायला पाहिजे.)

ढीग गोधडीखाली सारून ते त्यावर बसले. तेवढ्यात सरूबाई, त्यांची बायको, घुगऱ्यांचा डबा घेऊन आली.

"कशावर बसलाय?"

"कशावर न्हाई."

"उठा बरं."

"गुडघा धरलाय."

पन्नास वर्षांच्या संसारात तो गुडघा नेमका कधी धरतो, हे सरूबाईला पाठ झालं होतं. तिनं दंडाला धरून उठवलं.

मोनालीनं ढिगाकडं बघितलं, मग आबांकडं, मग घड्याळाकडं. सव्वानऊ. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "गाडीत बसा. लोकर तुमी सोडायची. बोलायचं न्हाई."

मग जीपमध्ये जे सुरू झालं ते कुस्तीच्या फडात सुद्धा होत नाही. मोनालीची सुई चाललेली, सरूबाई तुटक्या लोकरीला गाठी मारतेय आणि हौसराव मधे बसून लोकर सोडतायत. दर स्पीडब्रेकरला ते ड्रायव्हरवर खेकसायचे, की हळू घे, टाका चुकंल. आणि लगेच, की जोरात घे, बारा वाजत्यात. चौफुल्याला कुंची मानेपर्यंत आली. न्हावऱ्याला खांद्यावर आली. सरूबाईनं तर टाळीच वाजवली.

आणि न्हावरा सोडलं तशी लोकर संपली. गाठी मारण्यात गेली तेवढी चार बोटं कमी.

मोनालीची नजर हळूच आबांच्या अंगावरच्या स्वेटरवर गेली.

"ह्यो न्हाई," हौसराव म्हणाले.

"मग तुमची पणती उघड्या पाठीनं ठिवायची का पाळण्यात?"

पुढचा मैलाचा दगड येईपर्यंत हौसराव बाहेर ऊस बघत बसले. मग त्यांनी हात पुढं केला. "घे. पर डावी बाही. उजव्या हातानं पाव्हण्यांना रामराम घालायचाय."

स्वेटर सरूबाईनंच विणलेला. शेवट मनगटाशी आहे हे तिला माहीत. तिनं दातानं गाठ सोडवली. बाही वर चढत गेली, कुंची खाली उतरत गेली. कोपर उघडं पडलं आणि शिरूर आलं.

दारात नातसुनेची आई राजश्री वाट बघत उभी. गाडी थांबते न थांबते तोच तिनं मोनालीच्या हातातली कुंची ओढून घेतली, आत नेऊन बाळाला घातली, आणि आत्याला बायांनी पाळण्याकडं ओढलं. जीपमधनं उतरताना हौसरावांना वाटलं, आपला दंड कुणीतरी ओढतंय. बघतात तर लोकर तोडलेलीच नाही. त्यांच्या कोपरापासून निघालेला दोरा थेट पणतीच्या पाठीला.

तोडायला हात गेला, पण शेवटचा टाका उघडा होता. टोक कुणाच्या पायात अडकलं की सकाळचा खेळ परत, आणि तोही व्याह्यांच्या घरात. दोरा ताणू द्यायचा नाही, एवढाच मार्ग उरला. पुरुषमंडळी मांडवात बसलेली. हौसराव सरळ बायकांत घुसले.

पाळण्याच्या दोन बाजूंना बाया उभ्या. बाळ पाळण्यावरून एकीकडनं दुसरीकडं जायचं आणि पाळण्याखालनं परत यायचं. बाळ वरून गेलं की हौसराव हात उंच करायचे. बाळ खालनं आलं की हौसराव गुडघ्यावर पाळण्याखाली. फोटोवाला म्हणाला, बाबा, जरा तोंड इकडं करा. बाया आधी हसल्या, मग त्यांनी वाट करून दिली. खुटबावकडं पणजोबाची अशी रीत असंल, असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या खेपेला पाळण्याखाली पणती अगदी त्यांच्या नाकासमोर आली. चिमुकलं तोंड, वर कुंचीची झालर. तिनं जांभई दिली. हौसराव तिथंच रांगायचे थांबले. बाही खांद्यापर्यंत गेली होती. त्यांना वाटलं, दुसरी गेली तरी चालंल.

मोनाली कानात नाव सांगायला वाकली तेव्हा तिला दोरा दिसला. तिनं बोटानं टाका बंद केला, टोक दातानं तोडलं आणि सगळ्यांदेखत नाव सांगून मोकळी झाली.

हे सगळं पहिल्यापासून बघत असलेली शेजारची एक म्हातारी सरूबाईजवळ सरकली. हलक्या आवाजात म्हणाली, "किती दिस झालं वो, असं दोऱ्यानं बांधून न्यावं लागतंय त्यास्नी?"

सरूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. एका बाहीचा स्वेटर, गुडघ्याला माती, आणि तोंडभर हसू.

"बांधलेलंच असत्यात," ती म्हणाली. "आज सकाळी तेवढं सुटलं हुतं."