सगळ्यात हलकं सॉफ्टवेअर

तात्यांनी जाहीर करून टाकलं, की रविवारपर्यंत घरातल्या सगळ्या फाइली एका जागी येतील आणि त्यासाठी दमडीही लागणार नाही. तात्या पुस्तकं बांधणारे. विस्कटलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. माळ्यावरचा जुना लॅपटॉप आता सर्व्हर होणार, आणि वरचं त्यांचं बिऱ्हाड नि खालचा थोरल्या भावाचा दातांचा दवाखाना, दोघांनाही तो वापरता येणार!

अडचण एकच. लॅपटॉप इतका थकलेला, की नुसतं चालू होताना धापा टाकायचा. पहिलं फुकट सॉफ्टवेअर चढवलं, तर तो अर्ध्या वाटेत बसला. दुसरं चाललं, पण पंखा असा घोंघावला, की बायकोने मिक्सर कोणी लावला म्हणून विचारलं. तिसरं मात्र पिसासारखं. त्याला पासवर्डची सोय वेगळी जोडावी लागत होती. ती तात्यांनी उगाचचं ओझं म्हणून गाळली. घरातल्या घरात कुलपं कशाला?

त्यांची स्वतःची अशी एकच खासगी फाइल होती, आणि ती ‘डिंक आणि पुठ्ठे’ या फोल्डरमध्ये होती. तिथे कोण कडमडायला जातंय? तात्यांना गाऊन आख्यान सांगायची भारी हौस. बायको माहेरी गेली असताना भारदस्त आवाज काढून त्यांनी षड्रिपूंवर पाऊण तास रेकॉर्डिंग केलं होतं. दृष्टान्त घरचेच. क्रोधाला बायको: राग आला की घासलेली भांडी पुन्हा आपटून घासणारी. लोभाला भाऊ: दुसऱ्याचं वर्तमानपत्र उचलून, शब्दकोडं सोडवून, परत ठेवणारा.

सोमवारी भावाने पेशंटांसाठी टीव्हीवर ‘गाणी’ दाबलं. टीव्हीला फोल्डरच्या नावाशी काय देणंघेणं? सर्व्हरवर आवाजाची एकच फाइल सापडली, ती त्याने लावली.

तात्यांना जिन्यातच स्वतःचा आवाज ऐकू आला. ते तीन-तीन पायऱ्या गाळत खाली पोचले. पाच पेशंट सुजलेले गाल धरून डोलत होते, भाऊ चिमटा हातात घेऊन दारात उभा होता, आणि दाढ दाखवायला बसलेली बायको कान टवकारून ऐकत होती. आख्यानात नेमकी भांडी आपटायला सुरुवात झाली होती. तात्यांनी रिमोटवर झडप घातली.

“बंद करायचं नाही हं,” बायको म्हणाली.

आज इथे आपलाही एक दात जाणार आणि तो किडलेला नसणार, अशी तात्यांची खात्री पटली.

आख्यान संपलं. भाऊ म्हणाला, तो शब्दकोडंवाला म्हणजे हुबेहूब कोपऱ्यावरचा औषधवाला. बायकोला भांडीवालीत तिची धाकटी बहीण दिसली. संध्याकाळी तिला हे ऐकवायचंच, असं तिने ठरवूनही टाकलं. तात्यांच्या जिवात जीव आला. नको तितका आला. वाटलं, आता सांगूनच टाकावं.

“गातंय कोण रे हे?” भावाने विचारलं.

तात्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात बायको गाल दाबत म्हणाली, “कोणी का असेना, बोलतो अगदी मनातलं. पण गळा ऐकलात ना, भावजी? त्याच्या बायकोचं काय होत असेल?”

“सोसत असेल बिचारी,” भाऊ म्हणाला. “काय रे?”

तात्यांनी, जमेल तितक्या परक्या चेहऱ्याने, मान डोलावली.