लगमनची वाटणी

मुनव्वरचं कौतुक झालं की बहरोमच्या पोटात दुखायचं, आणि अलीकडे ते रोजच दुखत होतं. ताश्कंदमधल्या त्या घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपनीचा अवाढव्य प्रोग्रॅम त्याने एकहाती उभा केला होता, अगदी एकसंध. मुनव्वरने येऊन त्याचे तुकडे केले. पैशांचा वेगळा, पत्त्यांचा वेगळा. प्रत्येकाने आपलं काम करावं, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये. एक बिघडला तरी बाकीचे चालू. मालक तोलिब-अका आता तिलाच मुख्य रचनाकार करायच्या गोष्टी बोलू लागले होते. ती खुर्ची बहरोम आपलीच धरून चालला होता.

"तुकडेच हवेत ना? असे पाडतो की बघत राहाल!" तो जळफळत म्हणाला.

"बहरोम-अका, फार बारीक नका करू हं," मुनव्वर म्हणाली. "निदान ऑर्डर तरी एक राहू द्या."

"तू मला शिकवणार? कालची पोर!"

झालं! त्याने ऑर्डरचेही तुकडे पाडले. लगमनच्या शेवया वेगळ्या, रस्सा वेगळा, वरची कोथिंबीरसुद्धा वेगळी. दुपारी लोकांनी लगमन मागवलं आणि प्रत्येक तुकड्याने शहाण्यासारखा आपापला स्कूटरवाला शोधला. एकाच दारात एक जण शेवया घेऊन उभा, मागून दुसरा रस्सा घेऊन आला आणि तिसरा चिमूटभर कोथिंबिरीसाठी घंटी वाजवतोय. कोणाचा कोणाला पत्ता नाही. शहरातले स्कूटरवाले संपले आणि कचेरीतले फोन खणखणू लागले.

"ओपा, ताई, रागावू नका ना, रस्सा निघालाय!" फोनवरची मुलगी काकुळतीला आली होती.

तेवढ्यात तोलिब-अका आत आले. "लगमनची ही वाटणी कोणी केली?"

बहरोमने झटकन मुनव्वरकडे बोट दाखवलं. "पद्धत मुनव्वरचीच, अका! तुकड्यांचं खूळ तिचंच. मी आपला हुकमाचा ताबेदार."

"नक्की?"

"नानची, खाल्ल्या अन्नाची शपथ!"

मुनव्वर बोलायला पुढे झाली.

"शाब्बास पोरी!" तोलिब-अका गरजले. "इतकी वर्षं आपण लोकांना शेवयांचा लगदा खाऊ घालत होतो. आज रस्सा वेगळा गेला म्हणून शेवया शेवयांसारख्या लागल्या. ज्यांचं जेवून झालं ते विचारताहेत, उद्याही असंच येईल ना? फक्त सगळे डबे एकाच स्कूटरवर जातील एवढं बघ. आजपासून मुख्य रचनाकार तू!"

"पण अका, हे खरं तर बहरोम-अकांनी..."

"लाजतेस कसली? तो बिचारा शपथेवर सांगतोय!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बहरोमलाही वाजवाव्या लागल्या.