फक्त उतरवायला शिकवा

संशयास्पद माणूस ओळखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या कॅन्ससमध्ये सापडायचा नाही, असं मी मागच्या आठवड्यापर्यंत चारचौघांत सांगत असे. विमान शिकवणाऱ्या शाळेच्या पुढच्या टेबलावर बसायचं म्हणजे नजर तयार लागते. शिवाय सुरक्षेचं वार्षिक प्रशिक्षण मी एकट्यानेच जागं राहून पूर्ण केलं होतं.

मंगळवारी लव्होन उनरू बाई आल्या. सत्तरीच्या, हातात पीचच्या मुरंब्याची बाटली.

"वेंडेल, मला विमान शिकायचंय. पण फक्त उतरवायला."

"आणि उडवायला?"

"ते आमचे हे बघतात. पुढचं मात्र माझ्यावरच येणार. तोवर हे गप्प झालेले असतात."

माझ्या हातातलं पेन गळून पडलं.

"गप्प म्हणजे... कायमचे?"

"अजून तरी नाही. पण ह्यांना अवाक्षर कळता कामा नये हं. आणि रविवारच्या आत उरकायला हवं. आम्ही दोघंच विमानाने नेब्रास्काला निघालोय."

प्रशिक्षणात सांगितलं होतं: हटकू नका, नेहमीसारखे वागा, पोलिसांना कळवा. नेहमीसारखं वागायचं म्हणून मी बाईंना तीनदा कॉफी विचारली आणि आत जाऊन शेरीफच्या कचेरीत फोन केला. इथे थांबलो असतो तर आज मान वर करून फिरलो असतो. पण एका माणसाच्या जिवाचा प्रश्न होता! मी त्यांच्या नवऱ्यालाही फोन लावला.

"एल्डनकाका, काकूंच्या हातचं काही खाऊ नका. आणि ताबडतोब इकडे या."

काका आणि शेरीफचा माणूस क्रेबिल एकदमच आत शिरले.

"काय काकू," क्रेबिल म्हणाला, "काकांचा काटा काढताय म्हणे?"

बाई माझ्याकडे वळल्या. "अरे मेल्या, हे विमान चालवताना झोपतात! दोनदा हलवून उठवलंय मी. चारचौघांत कळलं तर ह्यांचं नाक कापलं जाईल, म्हणून गुपचूप शिकणार होते."

आमच्या शिक्षिका रेनाटाबाईंनी टेबलावरचं पत्रक उचलून माझ्यापुढे धरलं. वैमानिकांच्या बायकांसाठी विमान उतरवण्याचा खास वर्ग. त्यावर मी सहा महिने कॉफीचा कप ठेवत होतो.

मग सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. या माणसाला दर रविवारी विमानाची किल्ली मीच देतो. पण संशय कसा येणार? ओळखीचा माणूस, येताना डोनट आणतो.

क्रेबिलने हात पुढे केला. काकांनी मुकाट्याने त्यावर किल्ली ठेवली. त्यांचा चेहरा इतका पडला, की मलाच माझी लाज वाटली.

"लव्होन," ते हळूच म्हणाले, "निदान मला तरी सांगायचंस."

"सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही झोपला होतात."